काळा गोटा जळतो, पण त्यात तेल आहे का? तेलशेल तपासायला शिकणाऱ्यांसाठी

वणी-वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात विहिरी आटतात, आटल्या की खोल केल्या जातात, आणि खोल केल्या की आमच्याकडे गोटे येतात. कधी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात, कधी दुपट्ट्यात बांधून. टेबलावर गोटा ठेवताना माणूस हमखास म्हणतो, "पाहा नं भाऊ, जळते हा." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तेल निघन काय याच्यातून?"

गोटा जळतो हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण जळण्यावरून त्यात कार्बन आहे एवढंच कळतं. तेलासाठी कार्बनला हायड्रोजनची जोड लागते, आणि तो डोळ्यांनी दिसत नाही. तो शोधायचा कसा, हे इथे लिहितो आहे. रसायन किंवा भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी गावाकडची पोरं आणि कोळशाच्या लॅबमध्ये नव्याने लागलेले, यांच्यासाठी. मी कोळसा तपासणीतला माणूस आहे, त्यामुळे उदाहरणं त्याच वासाची येतील.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

शेल म्हणजे चिखल थरांनी साचून, दबून झालेला खडक. त्यात सेंद्रिय गाळ भरपूर अडकला आणि तो फारसा तापला नाही, तर तो केरोजेनच्या रूपात राहतो. केरोजेन क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकातही विरघळत नाही. खडक हवेशिवाय ५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की केरोजेन फुटतं आणि तेल, वायू, पाणी बाहेर येतं. असा खडक म्हणजे तेलशेल. त्यात तयार तेल नसतं, तेलाचा कच्चा माल असतो. उलट ज्याला शेल तेल म्हणतात ते जमिनीत खोलवर आधीच तयार होऊन घट्ट खडकात अडकलेलं तेल. वर्तमानपत्रांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात. तुम्ही तसं करू नका, कारण दोन्हींच्या चाचण्यांचा अर्थ वेगळा निघतो.

केरोजेनचे मुख्य प्रकार तीन. पहिला प्रकार सरोवरातल्या शैवालापासून, हायड्रोजनने गच्च. अमेरिकेतल्या कोलोरॅडो, युटा, वायोमिंगमधला ग्रीन रिव्हरचा खडक हा त्याचा नमुना. दुसरा प्रकार बहुधा समुद्री प्लवकांचा. तिसरा प्रकार जमिनीवरच्या झाडापानांचा. त्यातून वायू निघतो, तेल थोडं. चौथा म्हणून जो मोजतात तो जळून-कुजून संपलेला कार्बन. त्याच्याकडून कसलीच अपेक्षा नको.

आपल्याकडचं काय? चंद्रपूर-यवतमाळमधलं वर्धा खोऱ्याचं कोळसाक्षेत्र, नागपूर जिल्ह्यातली कामठी आणि उमरेडची क्षेत्रं, हे सगळे गोंडवाना खडक, म्हणजे भारतातला बहुतेक दगडी कोळसा ज्यात आहे ते प्राचीन थर. त्यातल्या बराकर थरांत कोळसा आहे आणि कोळशाच्या वर, खाली, मधे कार्बनी शेल आहे. कामठी थरांना तर नावच नागपूरशेजारच्या कामठीचं. या शेलचा एखादा तुकडा थराच्या रेषेत चाकूने उकलून पाहा. नशीब असेल तर जिभेच्या आकाराच्या लांबट पानाचा ठसा मिळेल, मधे जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळी. ते ग्लॉसोप्टेरिस, त्या काळातलं, आता नामशेष झालेलं झाड. ते पान दिसलं की अर्धं उत्तर हातात आलं म्हणून समजा: इथला सेंद्रिय माल जंगलाचा आहे, शैवालाचा नाही. म्हणजे तिसरा प्रकार धरून चालायचं आणि आकड्यांनी ते चुकीचं ठरवलं तर आनंद मानायचा.

एवढ्यावरून कोळशाच्या खाणीत तेलशेल नसतोच असं मात्र समजू नका. चीनमधल्या फुशुनला कोळशाच्या जाड सीमवर तेलशेलचा थर आहे, आणि कोळसा काढताना तो आपोआप वर येतो. जंगलाची दलदल बुडून तिथे सरोवर झालं की असं होतं. म्हणून आपल्या खाणीतला ओबीचा, म्हणजे कोळशावरून उकरून टाकलेल्या थरांतला, शेलही एकदा तपासून पाहावा. तपासायच्या आधीच निकाल लिहून ठेवायचा नाही, एवढंच.

नमुना: इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया

हा भाग मी लांबवणार आहे, कारण महागड्या यंत्राचा आकडा चुकतो तो बहुतेक वेळा शेतात किंवा खाणीच्या कडेला.

आमच्याकडे एकदा नव्या बोअरचा चुरा आला होता. काळा, बारीक, हाताला किंचित तेलकट. मीच उत्साहाने बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवला. अहवालात मुक्त हायड्रोकार्बनचा आकडा असा चढलेला की आठवडाभर आम्ही हवेत होतो. मग एका जुन्या ड्रिलरने चहा पिता पिता विचारलं, "हॅमरमध्ये तेल टाकता ना भाऊ तुम्ही?" बोअरच्या गाडीचा खाली जाणारा हॅमर हवेच्या दाबावर चालतो आणि त्याला वंगण म्हणून त्याच हवेतून तेल सोडलेलं असतं. आम्ही खडकातलं नव्हे, हॅमरचं तेल मोजलं होतं. चूक माझी. तेव्हापासून बोअरचा चुरा मी फक्त "खाली काळा थर आहे का, किती फुटांवर आहे" एवढ्यासाठी पाहतो. रसायनासाठी पाहायचाच झाला तर आधी द्रावकाने धुतो आणि अहवालात तसं लिहितो.

सर्वांत चांगला नमुना कोअरचा, म्हणजे डायमंड ड्रिलिंगमध्ये निघणाऱ्या दंडगोलाचा. तो आपल्या हाती क्वचितच लागतो. त्यानंतर नुकतीच खोदलेली विहीर. विहीर खोदणारे खोली परसात सांगतात, एक परस म्हणजे साधारण सहा फूट. त्यांच्याशी बसून काळा थर कुठे सुरू झाला, कुठे संपला, मधे पांढरी माती किंवा वाळूचा दगड लागला का, हे वहीत उतरवून घ्या. काठावरच्या ढिगात सगळ्या खोलीचा माल मिसळलेला असतो, तो उचलून फायदा नाही.

उघड्या थरावरून घ्यायचा असेल तर वरचा भुसभुशीत भाग आधी काढून टाका, कमीत कमी वीतभर तरी. हवा-पाण्यात पडून राहिलेल्या शेलचं ऑक्सिडेशन होतं. हायड्रोजन घटतो, ऑक्सिजन वाढतो, आणि चांगला खडकही वाईट दिसतो. मग थराला आडवी चर पाडा, साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल, थराच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत सारखी. काळाकुट्ट, चमकदार तुकडा वेचून आणायचा मोह होतो. तो बहुधा शेलमधला कोळशाचा पट्टा असतो, थराचा प्रतिनिधी नव्हे. थर दोन मीटरचा असेल आणि मधेच रंग बदलत असेल तर एकच नमुना न करता तुकडे पाडा, प्रत्येकाची पिशवी वेगळी.

खाणीच्या ओबी डंपवर जायचं तर परवानगी घेऊनच, आणि एकट्याने नाही. डंप घसरतात. शिवाय काही डंप आतून तापतात. जिथून धूर किंवा गंधकाचा वास येतो तिथला शेल आधीच भाजला गेलेला असतो, तो घेऊ नका.

पिशव्यांचं एक पाहा. आधी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, मग कापडी किंवा जाड पिशवीत. किराणा दुकानातली वापरलेली पिशवी नको. तिच्यात शेंगदाण्याचं तेल असतं आणि यंत्राला शेंगदाणा आणि खडक यातला फरक कळत नाही. मार्करने थेट दगडावर लिहू नका, शाईत द्रावक असतो. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा: गाव, गट नंबर, खोली, तारीख, कोणी घेतला. आणि मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत नमुने ठेवून दिवसभर फिरू नका. आपल्याकडच्या उन्हात बंद डिकीचं काय होतं हे मी सांगायला नको.

लॅबमध्ये आल्यावर सावलीत वाळवा. ओव्हन वापरायचाच तर ४० अंशांच्या वर जाऊ नका. मग जबडा-क्रशरने सुपारीएवढे, पुढे दाण्याएवढे तुकडे करा. सगळा माल स्वच्छ कागदावर शंकूसारखा रचून, वरून दाबून चार वाटे करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढून टाका. पुन्हा शंकू, पुन्हा वाटे. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. एक वाटा भरड ठेवा, तो पुढे येणाऱ्या फिशर चाचणीला लागेल. दुसरा सुमारे पाव मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका बारीक करा. बॉल मिल सलग चालवून भांडं गरम होऊ देऊ नका. खलबत्त्यात कुटलेलं कधीही बरं.

खिशातल्या चाचण्या

या चाचण्यांनी आकडा मिळत नाही, पण कोणता नमुना पुढे पाठवायचा हे कळतं, आणि पुढे पाठवायला पैसे लागतात.

चाकूने खरवडा. चांगला तेलशेल चिवट असतो, त्याची साल पातळ, वळलेली निघते, लाकडाच्या ढलपीसारखी. कार्बनी शेलचा भुगा होतो. न चमकवलेल्या फरशीच्या मागच्या बाजूला घासून रेघ पाहा: तपकिरी असेल तर आशा, काळी असेल तर कोळशाकडे कल. हातात वजन तोला. केरोजेन हलकं असतं, त्यामुळे एकाच थरात जो तुकडा आकाराच्या मानाने हलका तो बहुधा जास्त श्रीमंत. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट आहे, हे लिहून ठेवा, पुढे दोन ठिकाणी कामाला येणार आहे.

परीक्षानळीची चाचणी मला सगळ्यांत आवडते. बोरोसिलिकेटच्या कोरड्या नळीत चार-पाच ग्रॅम दाणे घ्या. नळी आडवी धरा, तोंड किंचित खाली. का, तर आधी वाफ निघते, तिचे थेंब तोंडाशी जमतात, आणि ते मागे ओघळले तर तापलेली काच तडकते. बर्नर हळूहळू तळाशी न्या. पहिल्या मिनिटांत नळीच्या थंड भागावर स्वच्छ पाण्याचे थेंब दिसतील. मग पांढुरका-पिवळा धूर. खरा तेलशेल असेल तर पाण्याच्या मागोमाग काचेवर पिवळे-तपकिरी ओघळ येतात, बोटाला चिकटतात, थंड झाल्यावर मेणासारखे घट्ट होतात. आपल्या इकडचा कार्बनी शेल बहुधा भरपूर पाणी देतो, वर एक बारीक तपकिरी कडं आणि डांबराचा उग्र वास. हे सगळं उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून, चष्मा लावून करा. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि खडकात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, असेल तर हायड्रोजन सल्फाइडही. लेड ॲसिटेटचा ओला कागद धुरात धरा, काळा पडला तर गंधक आहे.

नोटा तपासायचा निळा दिवा घेऊन अंधारात चमक पाहणारे काही जण भेटतील. तयार तेलाला ती चाचणी ठीक. केरोजेन विरघळत नाही, त्यामुळे तेलशेल त्या दिव्याखाली निष्पाप दिसू शकतो, आणि ग्रीस लागलेला मुरूम मस्त चमकतो.

कोळशाच्या लॅबचा अहवाल: वाचायचा कसा आणि कुठे फसायचं नाही

वणी, चंद्रपूर, नागपूरला कोळशाचं प्रॉक्सिमेट विश्लेषण सहज होतं: ओलावा, राख, उडनशील द्रव्य, उरलेला स्थिर कार्बन. भारतीय मानक १३५० प्रमाणे राख ८१५ अंशांवर काढतात, उडनशील द्रव्य ९०० अंशांवर बंद क्रुसिबलमध्ये सात मिनिटं. शेलची राख बहुधा निम्म्याहून अधिक येते, आणि येऊ द्या.

फसगत होते ती उडनशील द्रव्यात. नवखा माणूस म्हणतो, "१८ टक्के उडालं, म्हणजे १८ टक्के तेल." तसं नाही. शेलमधली चिकणमाती स्वतःच पाणी सोडते. शुद्ध केओलिनाइट तापवलं की वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी जातं. कॅल्साइटमधून ४४ टक्के कार्बन डायऑक्साइड जातो. हिशेब करून पाहा: खडकात ६० टक्के केओलिनाइट आणि १० टक्के कॅल्साइट असेल तर कार्बनचा एक कणही नसताना ८.४ अधिक ४.४, म्हणजे जवळजवळ १३ टक्के वजन उडून जाईल. तुमच्या १८ पैकी १३ माती आणि चुना. म्हणून उडनशील द्रव्यावरून तेलाचा दावा करणारा अहवाल कोणी दाखवला तर नम्रपणे परत करा. जाळून वजनातली घट मोजण्याच्या पद्धतीचंही हेच.

बॉम्ब कॅलरीमीटरचा आकडा जळणासाठी उपयोगी. एस्टोनियाने तेलशेल थेट जाळून दशकानुदशकं वीज केली आहे. पण उष्णता आणि तेल हे दोन वेगळे हिशेब आहेत.

सेंद्रिय कार्बन

इथून खरं काम सुरू होतं. एकूण सेंद्रिय कार्बन, लॅबच्या भाषेत टीओसी, म्हणजे खडकात खनिज कार्बन वगळून किती कार्बन आहे. बारीक कूट थोडी तोलून घ्या, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने कार्बोनेट घालवा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, वाळवा, मग यंत्रात ऑक्सिजनच्या प्रवाहात जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजा.

दोन खाचा लक्षात ठेवा. पहिली: गोंडवाना खडकांत सिडेराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट, सापडतं. थंड विरळ आम्लात ते जवळजवळ फसफसत नाही. कोमट आम्लात, ६० अंशांच्या आसपास, पुरेसा वेळ द्या, नाहीतर लोखंडाचा कार्बन तुम्ही जंगलाच्या खात्यावर लिहाल. दुसरी: आम्ल धुऊन नीट काढा. राहिलेला क्लोराइड यंत्राच्या नळ्या खातो आणि बिल तुमच्या नावावर येतं.

तेलाच्या मूळ खडकांसाठी, म्हणजे ज्यांत तेल तयार होतं त्या खडकांसाठी, जगभर जो ठोकताळा वापरतात त्यात अर्ध्या टक्क्याखाली टीओसी म्हणजे दरिद्री, १ ते २ टक्के चांगला, ४ च्या वर उत्तम. आता गंमत पाहा. आपल्या कोळशाशेजारचा शेल या मोजमापात सहज "उत्तम" ठरतो. कार्बन भरपूर आहेच की. म्हणूनच टीओसीवर थांबायचं नाही.

रॉक-इव्हल: एका चिमटीचा खडक काय काय सांगतो

फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेत १९७० च्या दशकात ही पद्धत तयार झाली आणि आज मूळ खडक तपासणारी जवळपास प्रत्येक मोठी लॅब ती वापरते. भारतात ओएनजीसीची डेहराडूनची केशवदेव मालवीय संस्था या कामासाठी ओळखली जाते. कॉलेजच्या विद्यार्थ्याने विभागप्रमुखांच्या पत्रासह विनंती केली तर संशोधनाच्या नमुन्यांना वाट मिळू शकते.

साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम कूट निष्क्रिय वायूत तापवतात. आधी ३०० अंशांवर काही मिनिटं स्थिर. खडकात आधीच मोकळं असलेलं तेल-वायू निघतं, तो पहिला उंचवटा, एस१. मग मिनिटाला २५ अंशांनी तापमान चढवत नेतात. केरोजेन फुटून जे हायड्रोकार्बन येतं तो दुसरा, मोठा उंचवटा, एस२. तो ज्या तापमानाला शिखर गाठतो त्यावरून टी-मॅक्स ठरतो. दरम्यान ३९० अंशांपर्यंत निघालेला कार्बन डायऑक्साइड वेगळा मोजतात, तो एस३. तिन्ही आकडे खडकाच्या दर ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये.

त्यातून दोन भागाकार. एस२ ला टीओसीने भागून १०० ने गुणलं की हायड्रोजन निर्देशांक. एस३ चं तसंच केलं की ऑक्सिजन निर्देशांक. हायड्रोजन निर्देशांक ६०० च्या वर गेला तर पहिला प्रकार, ३०० ते ६०० दुसरा, २०० ते ३०० दुसऱ्या-तिसऱ्याचं मिश्रण, ५० ते २०० तिसरा, त्याखाली चौथा. टी-मॅक्स ४३५ च्या खाली असेल तर खडक अजून कच्चा, साधारण ४३५ ते ४७० तेल तयार होण्याची पातळी, त्याच्या वर वायू. तेलशेल मुळात कच्चा असायला हवा. पिकलेला असेल तर तेल कधीच निघून गेलं.

समजा दोन नमुने आहेत, दोन्ही काळे, दोन्ही जळणारे. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. "अ" मध्ये टीओसी १२ टक्के, एस२ १४. "ब" मध्ये टीओसी ८ टक्के, एस२ ५२. अ चा हायड्रोजन निर्देशांक ११७, ब चा ६५०. कार्बन अ मध्ये दीडपट, आणि तेलाची कुवत ब मध्ये पावणेचारपट. अ जंगलाचा, ब सरोवराचा. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, या विषयातला अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

एस२ वरून कमाल मर्यादाही काढता येते. ब मध्ये दर ग्रॅमला ५२ मिलिग्रॅम, म्हणजे टनाला ५२ किलो. तेलाची घनता ०.९ धरली तर टनाला सुमारे ५८ लिटर. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळणार, कारण एस२ मध्ये वायूही मोजला जातो आणि काही भाग खडकातच कोक होऊन बसतो.

आता खबरदारी. श्रीमंत शेल किंवा कोळसा असेल तर नमुना कमी घ्या, १०-२० मिलिग्रॅम, नाहीतर डिटेक्टर भरून जातो आणि एस२ खोटा कमी येतो. गरीब शेलमध्ये उलट होतं. चिकणमाती निघालेलं हायड्रोकार्बन धरून ठेवते आणि हायड्रोजन निर्देशांक पडतो. म्हणून एकट्या नमुन्यावर निकाल देऊ नका. एकाच थराचे आठ-दहा नमुने घ्या, आडव्या अक्षावर टीओसी, उभ्यावर एस२ मांडा आणि रेषेचा उतार पाहा. मातीने किती गिळलं तेही त्याच आलेखात दिसतं. सिडेराइट असेल तर ते तापून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि एस३ फुगतो, तेव्हा ऑक्सिजन निर्देशांक अवाजवी मोठा दिसला तर आधी आम्लाच्या थेंबाची नोंद उघडून पाहा, पण सिडेराइट थंड आम्लात गप्प राहतं हेही लक्षात ठेवा. एस२ अगदी नगण्य असेल तर टी-मॅक्सकडे लक्षच देऊ नका. आणि एस१ संशयास्पद मोठा असेल तर माझा हॅमर आठवा.

विदर्भात आणखी एक भानगड आहे. गोंडवानावर बऱ्याच ठिकाणी दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर आहेत. वरून पसरलेला लाव्हा खालच्या खडकाला फार खोल भाजत नाही, पण थर कापत उभी गेलेली भिंत, म्हणजे डाइक, आजूबाजूचा शेल भाजून काढते. अशा जागेजवळ टी-मॅक्स एकदम चढतो, हायड्रोजन निर्देशांक कोसळतो. चार पावलांवरचा नमुना वेगळंच बोलेल. नकाशावर डाइक खूण करून ठेवा.

फिशर चाचणी: खरंच किती लिटर

रॉक-इव्हल कुवत सांगतं, फिशर चाचणी बाटलीत तेल दाखवते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फिशर, कोळशापासून पेट्रोल करण्याच्या प्रक्रियेत ज्याचं नाव येतं तोच, त्याने कोळशासाठी काढलेल्या पद्धतीत अमेरिकेत तेलशेलसाठी बदल केले. दाणेदार, साधारण अडीच मिलिमीटरखालचा १०० ग्रॅम शेल ॲल्युमिनियमच्या छोट्या रिटॉर्टमध्ये भरतात. मिनिटाला १२ अंशांनी ५०० पर्यंत नेतात, तिथे ४० मिनिटं ठेवतात. वाफ बर्फाच्या पाण्याने थंड केलेल्या मोजपट्टीच्या नळीत उतरते. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाणी खाली, तेल वर असं वेगळं करतात.

हिशेब शंभराचा. समजा ब नमुन्यात तेल ४.२, पाणी ३.१, उरलेला भाजका शेल ८९.५ ग्रॅम आला. राहिले ३.२, ते वायू आणि तूट. तेलाची घनता ०.९१ असेल तर टनाला ४२ किलो, म्हणजे सुमारे ४६ लिटर. रॉक-इव्हलची कमाल मर्यादा ५८ होती, आकडा तिच्या आत बसला. फिशरचा आकडा एस२ पेक्षा जास्त आला तर कुठेतरी मोजण्यात किंवा तोलण्यात चूक आहे, पुन्हा करा. जगात बऱ्याच ठिकाणी टनाला ४० लिटरच्या आसपासची रेघ विचारात घेण्याजोगा थर म्हणून ओढतात. पण तेवढ्याने धंदा होतो असं नाही, स्कॉटलंडमधला जुना तेलशेल उद्योग १९६२ मध्ये बंद झाला तो दगड संपला म्हणून नव्हे, विहिरीतलं तेल स्वस्त पडलं म्हणून.

कोळशाच्या लॅबमध्ये ग्रे-किंग चाचणीचं उपकरण असतं, त्यात २० ग्रॅम कोळसा ६०० अंशांपर्यंत नेतात. हाताशी तेच असेल तर तुलनेसाठी चालवा, फक्त त्याचा आकडा फिशरचा म्हणून छापू नका.

यापुढच्या चाचण्या, द्रावकाने बिटुमेन काढून गॅस क्रोमॅटोग्राफी, केरोजेन वेगळं करून हायड्रोजन-कार्बनचं प्रमाण, या पुढच्या वर्गाच्या. केरोजेन वेगळं करायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. साध्या कॉलेज लॅबमध्ये त्याची बाटलीही आणू नका.

गोटा आणणाऱ्याला काय सांगायचं

अहवालात जागा, खोली, थराची जाडी, नमुना कसा घेतला, टीओसी, एस१, एस२, एस३, टी-मॅक्स, फिशरचे चार आकडे, आणि शंका कुठे आहे ते लिहा. अर्धा नमुना दोन वर्षं तरी ठेवा. कोणी तेलाच्या नावावर शेत घ्यायला किंवा द्यायला निघालं असेल तर एवढं सांगा की जमिनीखालचं खनिज तेल सातबाऱ्यावर चढत नाही, त्याला १९४८ चा तेलक्षेत्रांचा कायदा लागू होतो.

मग आकडा तोंडी सांगा, त्याच्या भाषेत. मी म्हणतो, "दादा, हा गोटा जळते कारण यात जुन्या जंगलाचा कोळसा हाय. तेल काढायला जेवढं सरपण लागंल तेवढंही यातून निघणार नाही." बहुतेक जण हसतात. एकाने मात्र हसून झाल्यावर विचारलं, "मंग पाण्याला वास काहून येते?" तो खरा प्रश्न होता. काळ्या शेलमध्ये पायराइट असतं. विहीर खोल केली की ते हवेला उघडं पडतं, पाण्यात लोह आणि सल्फेट उतरतं, कधी सडक्या अंड्याचा वास येतो, बादलीला तांबूस कडं धरतं. म्हणून गोट्याबरोबर पाण्याची एक लिटरची स्वच्छ बाटली काठोकाठ भरून मागवा. सामू, लोह, सल्फेट आणि, यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत लागतं तसं, फ्लोराइड तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत हे होतं. बाटलीवरही खोली लिहा, परसात चालेल.